विद्यापीठातलं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठात संशोधन म्हणजे नेमकं काय काय चालतं?

विभागांच्या पाट्या वाचून याचा अंदाज येत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, स्थापत्य, यंत्र अभियांत्रिकी ही यादी कुठल्याही माहितीपत्रकात सापडते. ती वाचताना असं वाटतं की दाराआडचे विषय निराळे असले तरी कामाची जात एकच असेल. प्रत्यक्षात तळघरात कुणी निरपेक्ष शून्याच्या लगत थंड केलेल्या अणूंवर लेझर रोखून बसलेलं असतं, तिसऱ्या मजल्यावर कुणाकडे कागद आणि पेन्सिल याशिवाय काहीच नसतं, आणि मागच्या शेडमध्ये काँक्रीटचा खांब मुद्दाम फुटेपर्यंत दाबला जात असतो. तिघांनाही संशोधकच म्हणतात.

त्यामुळे एखादं काम समजून घ्यायचं तर विषयाच्या नावाआधी चार गोष्टी विचाराव्यात. अभ्यासाची वस्तू किती मोठी आहे, उत्तराला किती वर्षं लागतील, किती माणसं लागतील, आणि उत्तर सापडेलच याची खात्री कितपत आहे. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या चारांपैकी कशाशी तरी जोडलेली आहेत.

विज्ञानातलं संशोधन आणि अभियांत्रिकीतलं संशोधन यात फरक काय?

ठोकळ उत्तर असं की वैज्ञानिक ‘हे असं का आहे’ विचारतो आणि अभियंता ‘हे असं करता येईल का, आणि किती भरवशानं’ असं विचारतो. या उत्तरातला ‘भरवसा’ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पदार्थाचा एक नमुना एकदा अपेक्षेप्रमाणे वागला की वैज्ञानिकाला बरंच काही मिळतं. अभियंत्याला तोच पदार्थ हजार वेळा, उन्हात, ओलाव्यात, चुकीच्या वापरातही कसा वागतो ते पाहावं लागतं. म्हणून अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत मोडतोड फार. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या केंद्रात उघड्यावर एक प्रचंड शेक टेबल आहे. जमिनीसारखा हलणारा हा मंच पूर्ण आकाराच्या इमारतीला भूकंपाचे धक्के देतो. २०२३ मध्ये त्यावर दहा मजली लाकडी इमारत उभारून १९९४ चा नॉर्थरिज आणि १९९९ चा तैवानमधला ची-ची या भूकंपांचे नोंदवलेले धक्के तिला पुन्हा दिले गेले. संगणकावरच्या आकडेमोडीत आधी सगळं ठीक दिसलेलं असतं. तरी खिळे, सांधे, जिने, दारांच्या चौकटी खरोखर काय करतात ते हलवल्याशिवाय कळत नाही.

पण ही सीमारेषा फार ताणू नये. १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड ही पीएचडीची विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक जेरार मुरू यांनी लेझरचा स्पंद आधी लांबवायचा, मग वाढवायचा आणि शेवटी पुन्हा आखूड करायचा अशी युक्ती काढली. थेट वाढवला तर तो स्पंद उपकरणच जाळून टाकायचा. अडचण निव्वळ अभियांत्रिकीची होती, उत्तर प्रकाशशास्त्रातलं निघालं, फायदा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला झाला, आणि २०१८ चं नोबेल मिळालं ते भौतिकशास्त्राचं. याला कुठल्या विभागात टाकायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मूलभूत संशोधन आणि उपयोजित संशोधन हे वेगळं कसं ओळखायचं?

अनुदानाच्या अर्जात चौकट भरायची असते म्हणून ओळखायचं! आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेनं १९६३ पासून जी व्याख्या चालवली आहे तिच्यात तीन खाने आहेत: मूलभूत संशोधन, उपयोजित संशोधन आणि प्रायोगिक विकास. आकडेवारी गोळा करायला हे खाने सोयीचे आहेत. काम मात्र त्यांच्यातून इकडून तिकडे सारखं फिरत असतं.

१९२४ मध्ये ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी वेगळ्या पद्धतीनं केली आणि तो शोधनिबंध आइनस्टाइनकडे पाठवला. आइनस्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये आणून छापवला, आणि तीच कल्पना अणूंना लावल्यावर अतिथंड अवस्थेत अणू एकजीव होतील असं भाकीत निघालं. ते प्रयोगात दिसायला १९९५ साल उजाडलं. आधी कोलोरॅडोमधल्या बोल्डर इथे आणि काही महिन्यांत एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठात. मधली सत्तरएक वर्षं हे काम ‘निरुपयोगी’ होतं का? त्या काळात अणू लेझरनं थंड करण्याचं तंत्र जन्माला यायचं होतं, आणि लेझर स्वतःसुद्धा.

उलटा प्रवासही होतो. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताचा कॅन घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत धडकला. त्याची अडचण रोकडी होती: चारा खाऊन जनावरं रक्तस्रावानं मरत होती. खराब झालेल्या स्वीट क्लोव्हर या चाऱ्यातून दोषी रेणू वेगळा करायला लिंक यांच्या गटाला काही वर्षं लागली. त्याच कुळातला वॉर्फरिन हा रेणू १९४८ मध्ये आधी उंदीर मारण्याचं औषध म्हणून बाजारात आला आणि नंतर माणसांत रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध झाला. प्रश्न गोठ्यातून आला आणि रक्त गोठण्याची रसायनविद्या त्यातून उलगडत गेली.

मग ‘याचा उपयोग काय?’ हे विचारू नये का?

अवश्य विचारा. फक्त उत्तर कधीपर्यंत हवं तेही सांगा. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांत जिवाणू शोधत होते तेव्हा त्यांना एवढंच बघायचं होतं की इतक्या उष्णतेत काही जगतं का. तिथे सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं विकर (एन्झाइम) पुढे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर चाचणीचा कणा ठरलं, कारण त्या चाचणीत नमुना पुन्हा पुन्हा तापवावा लागतो आणि नेहमीचं विकर त्यात टिकत नाही. ब्रॉक यांनी प्रस्तावात ‘भविष्यात रोगनिदानासाठी’ असं लिहिलं असतं तर ती थाप ठरली असती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘कधीतरी उपयोग होईल’ या वाक्याआड बरंच निर्जीव कामही लपतं. ज्या प्रश्नाचं उत्तर संशोधकालाही जाणून घ्यावंसं वाटत नाही आणि जे केवळ पुढचा निबंध निघावा म्हणून चालतं ते मूलभूतही नसतं, उपयोजितही नसतं.

एका संशोधनाला साधारण किती वेळ लागतो?

सरासरी काढण्यात अर्थ नाही. क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल यांनी नरसाळ्यात तापवलेलं डांबर ओतलं, ते स्थिरावल्यावर १९३० मध्ये नळीचं टोक कापलं आणि थेंब पडायची वाट पाहायला सुरुवात केली. हातोड्यानं फुटणारा हा पदार्थ मुळात द्रव आहे एवढंच विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. आजवर नऊ थेंब पडलेत, नववा २०१४ मध्ये. पार्नेल कधीच गेले, प्रयोग सुरूच आहे.

याहून जास्त विचार करायला लावणारा दीर्घ प्रयोग रिचर्ड लेन्स्की यांचा. २४ फेब्रुवारी १९८८ ला त्यांनी एकाच ई. कोलाय जिवाणूच्या वंशातून बारा समूह सुरू केले. रोज प्रत्येक चंबूतला एक टक्का द्रव नव्या चंबूत घालायचा, आणि दर ५०० पिढ्यांनी थोडे जिवाणू गोठवून ठेवायचे. एवढंच. बहुतेक दिवशी काहीही घडत नाही. पण सुमारे ३३,००० पिढ्यांनंतर एका चंबूतला द्रव अचानक जास्त गढूळ दिसला: तिथले जिवाणू हवेच्या सान्निध्यात चंबूतल्या द्रवात असलेलं सायट्रेट हे रसायन खायला शिकले होते, जे ई. कोलायला जमत नाही अशीच त्याची ओळख आहे. गोठवलेले पूर्वज हाताशी असल्यामुळे मागच्या पिढीपासून पुन्हा सुरुवात करून विचारता आलं की ही क्षमता नशिबानं आली की तिच्यासाठी आधीच काही बदल घडून गेले होते. उत्तर दुसऱ्या बाजूला झुकलं. तीन वर्षांच्या अनुदानात असलं काही बसत नाही. ते दर वेळी नव्यानं मागून पुढे रेटावं लागतं. या प्रयोगाची जागाही बदलत गेली: कॅलिफोर्नियातलं अर्व्हाइन, मग मिशिगन स्टेट, आता टेक्सासमधलं ऑस्टिन.

याउलट मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून ओढली आणि एका अणूएवढ्या जाडीचा थर वेगळा केला. या थराला ग्राफीन म्हणतात. त्यावरचा निबंध २००४ मध्ये आला, नोबेल २०१० मध्ये. सहा वर्षं म्हणजे नोबेलच्या हिशेबानं झटपटच.

प्रत्यक्ष काम कोण करतं? प्राध्यापक?

प्राध्यापक बहुतांश वेळ प्रस्ताव लिहितात, शिकवतात, बैठकांना जातात आणि विद्यार्थ्यांचे मसुदे तपासतात. यंत्रासमोर रात्रपाळी करणारे असतात पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी होऊन तात्पुरत्या करारावर काम करणारे संशोधक. क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर खातील हे १९७४ मध्ये मांडणारे मारिओ मोलिना तेव्हा अर्व्हाइनला शेरवुड रोलंड यांच्याकडे पोस्टडॉक होते. तेरा वर्षांनी या वायूंना आवर घालणारा माँट्रियल करार झाला.

आणखी काही माणसं असतात ज्यांची नावं फारशी कुठे येत नाहीत: काचेची नळकांडी फुंकून घडवणारे कारागीर, वर्कशॉपमधले फिटर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे ऑपरेटर, प्राणिगृहाची देखभाल करणारे, सर्व्हर सांभाळणारे. चांगली प्रयोगशाळा ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. तिथल्या विद्यार्थ्याला विचारा, ‘हे यंत्र बिघडलं तर कोण दुरुस्त करतं?’ उत्तरात एखाद्या माणसाचं नाव पटकन आलं तर समजावं की जागा नीट चालते.

श्रेय कसं वाटलं जातं? निबंधावर इतकी नावं का?

प्रत्येक शाखेची रीत निराळी. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात. जीवशास्त्रात पहिलं नाव ज्यानं सर्वाधिक काम केलं त्याचं आणि शेवटचं गटप्रमुखाचं. कणभौतिकीत तर सगळा गावच येतो: २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर दोन प्रयोगगटांनी मिळून छापलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते, आणि ३३ पानांपैकी २४ पानं लेखक व त्यांच्या संस्था यांच्या यादीनं व्यापली होती.

वाद होतातच. १९६७ मध्ये केंब्रिजला पीएचडी करणाऱ्या जोसेलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखात एक बारीकशी अनोळखी खूण दिसली. त्या तिच्या मागे लागल्या आणि पल्सार, म्हणजे ठरावीक अंतरानं रेडिओ स्पंद धाडणारे तारे, सापडले. १९७४ चं नोबेल त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. बेल यांनी स्वतः कधी तक्रारीचा सूर लावला नाही, पण श्रेयाचा विषय निघाला की हे उदाहरण आजही पहिलं आठवतं. आता अनेक नियतकालिकं कल्पना कुणाची, प्रयोग कुणाचे, लेखन कुणाचं हे वेगवेगळं नोंदवायला लावतात. कामाला लागण्याआधी गाइडशी हे बोलून घेणं केव्हाही बरं.

आंतरविद्याशाखीय संशोधन खरंच असतं, की नुसती फॅशन आहे?

दोन्ही. पाटीवर हा शब्द असलेली बरीच केंद्रं म्हणजे दोन विभागांनी एका इमारतीसाठी केलेली युती असते. आत गेल्यावर दोघांच्या खोल्या, दोघांची सेमिनारं आणि दोघांचे चहाचे गटसुद्धा वेगळे.

खरं आंतरविद्याशाखीय काम तेव्हा सुरू होतं जेव्हा एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या कौशल्यावाचून अडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कातालिन कारिको आरएनए या पेशीतल्या निरोप्या रेणूच्या जीवरसायनात मुरलेल्या होत्या आणि ड्रू वाइसमन रोगप्रतिकारशक्तीचे अभ्यासक. दोघांची गाठ पडली झेरॉक्स यंत्रापाशी. बाहेरून घातलेल्या आरएनएवर शरीर का भडकतं हा प्रश्न एकटीला किंवा एकट्याला सुटला नसता. आरएनएच्या एका घटकात छोटा बदल केला की हा दाह शमतो हे त्यांनी २००५ मध्ये छापलं. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. पंधरा वर्षांनी कोविडच्या एमआरएनए लशी त्याच तत्त्वावर उभ्या राहिल्या, आणि २०२३ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी, १९९५ मध्ये, पुरेशी अनुदानं मिळत नाहीत म्हणून कारिको यांची पदावनती झाली होती. मोठी विद्यापीठंसुद्धा आपल्याच घरातलं काम ओळखायला चुकतात ते असं.

सगळं संगणकावर होत असेल तर प्रयोगशाळा लागतातच कशाला?

गणनात्मक संशोधन आता सिद्धांत आणि प्रयोग यांच्या जोडीला तिसरा आधार बनलं आहे, यात शंका नाही. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या जेफ्री हिंटन यांच्या गटानं चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत बाजी मारली ती बाजारात मिळणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कच्या (मेंदूच्या धर्तीवर रचलेल्या संगणकीय जाळ्याच्या) जोरावर. वॉशिंग्टन विद्यापीठातले डेव्हिड बेकर निसर्गात नसलेली प्रथिनं संगणकावर रचतात. पण रचलेलं प्रथिन खरोखर तसंच दुमडतं का हे पाहायला ते जिवाणूत बनवून, शुद्ध करून, त्याची रचना तपासावीच लागते. शिवाय संगणकाला शिकवायची विदा, म्हणजे डेटा, येते कुठून? प्रथिनांच्या रचना ओळखणाऱ्या प्रणाली ज्या साठ्यावर पोसल्या तो दशकानुदशकं कुणीतरी स्फटिक वाढवून, क्ष-किरण टाकून एकेक रचना मोजत भरला होता.

मोठ्या यंत्रांशिवाय चांगलं संशोधन होऊ शकतं का?

चिकटपट्टीचं उदाहरण वर आलंच. पण काही प्रश्नांना मोठं यंत्र हाच एक मार्ग असतो. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर टिपणाऱ्या लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब आहेत, आणि त्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काही हजारांश इतका होता. हे टेबलावर जमणार नाही. कॅल्टेक आणि एमआयटी यांनी उभारलेल्या या प्रकल्पात आज जगभरातल्या विद्यापीठांचे गट आहेत. छोट्या विद्यापीठातला गटसुद्धा त्यात आरशांवरचे लेप किंवा संकेतांचं विश्लेषण असा एक तुकडा चोख सांभाळू शकतो.

पैसा कुठून येतो?

सरकारी संस्थांची स्पर्धात्मक अनुदानं, उद्योगांचे करार, धर्मादाय निधी आणि विद्यापीठाचा स्वतःचा पैसा. मिळालेल्या अनुदानातला एक भाग वीज, इमारत, कार्यालय यांसाठी विद्यापीठ आधीच कापून घेतं, आणि यावरून प्राध्यापक आणि प्रशासन यांची धुसफूस कायमची. कंपनीशी करार असेल तर एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचावं: निकाल छापण्याआधी कंपनीला किती काळ रोखून धरता येईल. पीएचडीचा प्रबंध त्यात अडकला तर नुकसान विद्यार्थ्याचं होतं.

शोधाचं पेटंट कुणाच्या नावावर होतं?

बहुतेक ठिकाणी मालकी विद्यापीठाची आणि उत्पन्नात संशोधकाचा वाटा, असा नियम असतो. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातून लागलेल्या शोधांवर विद्यापीठांना हक्क ठेवायची मुभा दिली आणि तिथून हे सगळं फोफावलं. संकेतस्थळांची क्रमवारी लावणाऱ्या पेजरँक पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होतं. गूगलनं शेअर देऊन तिचा परवाना घेतला.

त्याच्या कितीतरी आधी, १९२३ मध्ये, इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क शोधकांनी प्रत्येकी १ डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला दिले. औषध एका कंपनीच्या मुठीत जाऊ नये हा उद्देश होता. दोन्ही टोकं ध्यानात ठेवावीत. आणि एक व्यवहाराची गोष्ट: आधी निबंध छापला किंवा परिषदेत सगळं सांगून टाकलं तर पुष्कळ देशांत पेटंटचा हक्क जातो. अर्ज आधी, भाषण नंतर.

फसलेल्या प्रयोगांचं काय होतं?

बहुतेक वह्यांत पडून राहतात, आणि हे वाईट आहे. दुसऱ्या खंडातला कुणीतरी तीच भिंत पुन्हा डोक्यानं फोडायला जातो. १८८७ मध्ये क्लीव्हलंडला ॲल्बर्ट मायकल्सन आणि शेजारच्या कॉलेजातले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड मॉर्ली यांनी ईथर या प्रकाश वाहून नेणाऱ्या गृहीत माध्यमातून जाणाऱ्या पृथ्वीचा वेग मोजायला घेतला आणि अपेक्षित फरक मिळाला नाही. त्यांनी तो ‘न मिळालेला’ निकाल नीट, त्रुटींच्या हिशेबासह छापला. भौतिकशास्त्राच्या इतिहासात इतकं फलदायी अपयश क्वचितच सापडेल. अर्थात नकारात्मक निकालाला किंमत येते ती मोजमाप चोख असेल तरच. ढिसाळ प्रयोगात काही मिळालं नाही तर त्यातून काहीच कळत नाही.

शिकवणं आणि संशोधन एकाच ठिकाणी का? दोन्ही वेगळं केलं तर दोन्ही सुधारणार नाही का?

१८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठामागे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांची हीच कल्पना होती की ज्ञान निर्माण करणाऱ्यानंच ते शिकवावं. प्रत्यक्षात पुष्कळ उत्तम संशोधक वर्गात कंटाळवाणे असतात, त्यामुळे कल्पनेला गोंडस समजणाऱ्यांचा मी विरोध करणार नाही.

तरी दोन उदाहरणं सांगतोच. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठातले रिचर्ड रॉबसन पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी रेणूंच्या प्रतिकृती तयार करत होते. लाकडी गोळ्यांना योग्य कोनांत भोकं पाडली की प्रतिकृती आपोआप योग्य आकार घेते हे बघून त्यांना वाटलं, अणूंच्या याच स्वभावाचा वापर करून खरे रेणूच जोडता येतील का? दहाएक वर्षांनी त्यांनी ते करून पाहिलं. त्यातून धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांचं क्षेत्र सुरू झालं आणि २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना क्योतोचे सुसुमु कितागावा आणि बर्कलीचे ओमर यागी यांच्यासह मिळालं. एमआयटीत रायनर वाइस यांनाही लायगोची कल्पना सुचली ती सापेक्षता शिकवताना विद्यार्थ्यांना देण्यासाठी रचलेल्या एका उदाहरणातून.

प्राणी, माणसं, जंतू यांच्यावरच्या प्रयोगांना परवानगी कोण देतं?

संस्थेच्या नैतिकता समित्या. त्यांत त्या विषयाबाहेरचे सदस्यही असतात. प्राण्यांच्या बाबतीत रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं अजून वापरात आहेत: शक्य तिथे पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. जंतूंसाठी जैवसुरक्षेच्या चार पातळ्या आहेत, आणि चौथीची प्रयोगशाळा फार थोड्या ठिकाणी असते. परवानगीला महिने लागू शकतात. वेळापत्रक आखताना विद्यार्थी हेच विसरतात.

निबंधांची संख्या किंवा रँकिंग पाहून विद्यापीठ निवडावं का?

नाही, किमान तेवढ्यावर नाही. होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक सोपा आहे: ज्याचे २० निबंध प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झालेत त्याचा निर्देशांक २०. पण वैद्यकात उद्धरणं भराभर जमतात, शुद्ध गणितात दशकभर थांबावं लागतं. पाच हजार लेखकांच्या निबंधातला प्रत्येक जण तेच उद्धरण खिशात घालतो. सॉफ्टवेअर, मोजमापाची उपकरणं, विदासंच घडवणाऱ्यांचं काम या आकड्यात जेमतेम दिसतं. अभियांत्रिकीतलं पुष्कळसं काम तर मानकं आणि नियमावल्यांमध्ये मुरून जातं, तिथे मूळ निबंधाचं नाव कुणी घेत नाही. पीएचडीसाठी निवडताना गट बघा. मागच्या पाच-सात विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, आणि कितीजण मध्येच सोडून गेले, एवढं शोधलं तरी रँकिंगपेक्षा जास्त कळतं.

पदवीच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत काम मिळतं का?

मिळतं, मागितलं तर. यलोस्टोनच्या त्या कामात ब्रॉक यांच्यासोबत हडसन फ्रीझ हा पदवीचा विद्यार्थी होता. इन्सुलिनच्या शोधात फ्रेडरिक बँटिंग यांच्याबरोबर काम करणारा चार्ल्स बेस्ट १९२१ मध्ये नुकताच पदवीधर झाला होता, वय २२. शंभर प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवू नका, तो लगेच ओळखू येतो. एका गटाचा एक निबंध वाचा, त्यात न समजलेली एक गोष्ट नेमकी विचारा आणि आठवड्याला किती तास देता येतील ते खरं सांगा. सुरुवातीला भांडी धुणं आणि विदा भरणं पदरी येईल.

विद्यापीठाबाहेरच्या माणसाला यात भाग घेता येतो का?

हो. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झू या प्रकल्पात सामान्य लोकांनी घरबसल्या लाखो दीर्घिकांचे आकार ओळखले. एका डच शाळाशिक्षिकेला त्यात एक विचित्र ढग दिसला, जो संशोधकांनाही अपरिचित होता. पक्ष्यांच्या नोंदी, पावसाची मोजणी, जुन्या हवामान नोंदवह्या उतरवून काढणं, अशी कामं सतत निघत असतात.

‘शास्त्रज्ञांनी शोधलं’ अशी बातमी आली की किती विश्वास ठेवावा?

तीन गोष्टी तपासा. निबंध समीक्षण होऊन छापला गेलाय की अजून पूर्वमुद्रण, म्हणजे समीक्षणाआधी खुला केलेला मसुदा, आहे? प्रयोग माणसांवर झाला, उंदरांवर, की बशीतल्या पेशींवर? आणि दुसऱ्या कुणी तो पुन्हा करून पाहिलाय का? अभियांत्रिकीच्या बातमीसाठी चौथी: नमुना टेबलावर चालला की प्रत्यक्ष परिस्थितीत? नासानं तंत्रज्ञानाच्या परिपक्वतेसाठी नऊ पायऱ्या आखल्या आहेत. वृत्तपत्रांत ‘क्रांतिकारक’ म्हणून येणारी बरीच उपकरणं तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असतात.

प्रयोगशाळा आतून बघायला मिळते का?

अनेक विद्यापीठं वर्षातून एकदा दारं उघडी ठेवतात. आधी विभागाला कळवलं तर शाळांच्या गटांना इतर वेळीही नेतात. शेक टेबल किंवा वाऱ्याचा बोगदा चालू असेल त्या दिवशीची वेळ मिळवा, बंद यंत्र पाहण्यात गंमत नाही. क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ जवळजवळ नसलेल्या खोलीत, मात्र सहसा सोडत नाहीत: तिथे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनहून मोठे शंभर कणसुद्धा जास्त मानले जातात आणि माणूस चालता-बोलता त्याच्या कितीतरी पट कण झाडत असतो. ती काचेबाहेरून बघावी.